लेकीच्या गावातलं घर

६ जानेवारी २०२५, देवास

डॉक्टरांनी आज आमच्या ह्यांना, इंदिराबाईंना, विमानबंदी केली. इंदूरला तीन तास बसवून ठेवलं आणि मग दोन मिनिटांत सांगितलं की हृदयाची झडप गळते आहे, लांबचा विमानप्रवास आता विसरा. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाल्या, "म्हणजे उर्वी आता फोनमध्येच मोठी होणार."

उर्वी आमची नात, सात वर्षांची. आमची एकुलती एक लेक ईशानी आणि जावई धवल स्पेनमध्ये तोरेविएखा नावाच्या समुद्राकाठच्या गावी असतात. आमचंही तिथे एक घर आहे. दोन खोल्यांचा फ्लॅट, तिसरा मजला. लेकीच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून.

हे घर का घेतलं ते एकदा लिहूनच ठेवतो, कारण अर्धं देवास मला खुळ्यात काढतं. आमच्या घराण्यात लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत. दिली ती दिली, तिच्या घरचा घास आपल्याला वर्ज्य. पुण्याकडचे नातेवाईक सांगतात की नातवंड झालं की ही बंदी उठते. आमची उठली नाही. माळव्यात अडीचशे वर्षं राहून इथला कडकपणा आमच्यात मुरला आणि पुण्याकडच्या सवलती तिकडेच राहिल्या. आमचे वडील उज्जैनला आत्याकडे गेले तर धर्मशाळेत उतरायचे आणि भेटायला जाताना पाण्याची सुरई बरोबर न्यायचे. आता स्पेनमध्ये मी धर्मशाळा कुठून आणू? म्हणून तीन वर्षांपूर्वी बागलीचं शेत विकलं आणि घर घेतलं. दोन हिवाळे तीन-तीन महिने राहून आलो. ईशानी रोज संध्याकाळी उर्वीला घेऊन आमच्याकडे यायची, इंदिराबाई तिला जेवू घालायच्या. माहेरवाशीण माहेरी येते तशी. असं सुख मला नोकरीच्या अडतीस वर्षांत मिळालं नव्हतं.

रोज सकाळी देवीच्या टेकरीवर माझ्याबरोबर चढणारा तात्या म्हणतो, "भिया, लोक घरजावई होतात, तुम्ही घरसासरे झालात!" कोर्टातून निवृत्त झालेला माणूस, त्याला चेष्टेशिवाय दुसरा उद्योग नाही.

११ जानेवारी

घर घेताना सगळे किंमत विचारतात. दर वर्षाला काय लागेल हे कोणी विचारत नाही, मीही विचारलं नव्हतं. आज सगळे कागद पसरून बसलो. इमारतीच्या सोसायटीची वर्गणी, नगरपालिकेचा कर, कचऱ्याचा वेगळा, विमा, बँक खातं जिवंत ठेवण्याचे पैसे, तिथे आमचे कागद बघणाऱ्या माणसाची फी. विजेचा न् पाण्याचा स्थिर आकार, नळ उघडा न उघडा. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे एक कर असा की घर भाड्याने न देता रिकामं ठेवलंत, तर भाडं मिळालं असतं असं धरून त्यावर भरायचा. न जेवलेल्या ताटाचं बिल! सगळं मिळून सव्वादोन लाखांच्या घरात जातं. तेव्हा युरो ऐंशीचा होता, आता नव्वद. पेन्शन बासष्ट हजार, त्यात ह्यांची औषधं.

इंदिराबाई म्हणाल्या, भाड्याने द्या. जिथे लेक माहेर म्हणून येते तिथे परका माणूस ठेवू? नाही म्हणालो. झडपेवर काहीतरी उपाय निघेलच, मग जाऊ. तोवर घर राखायचं. हा माझा निश्चय.

१६ फेब्रुवारी

धारला जाऊन आलो. ह्यांचे बंधू बळवंतराव फार खचलेत. त्यांची लेक श्रिया दोन वर्षांत नवऱ्याचं घर सोडून परत आली. येऊन काय, आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसलेली असते, नोकरी करते म्हणे. मी बळवंतरावांना स्पष्ट सांगितलं की मुलीला समजावा, चार दिवसांचा रुसवा असतो, आपल्याकडे अशा मुली नसतात. चहा न घेताच निघालो. ह्यांना ते आवडलं नाही.

रात्री ईशानीला फोनवर सगळं सांगितलं. म्हणालो, "बेटा, तुझ्यामुळे माझी मान ताठ आहे."

ती म्हणाली, "श्रिया काय म्हणत होती, आबासाहेब?"

"तिला कोण विचारतंय?" मी म्हणालो.

नंतर बोलणं फारसं झालं नाही. तिला बरं नव्हतं वाटतं. धवलराव कामासाठी बाहेरगावी होते.

३ एप्रिल

आज मन प्रसन्न. व्हिडिओवर ईशानीच्या मागे भिंतीवर भवानीमातेची तसबीर दिसली. ती तर मी आपल्या फ्लॅटमध्ये खिळा ठोकून लावलेली! विचारलं तर म्हणाली, "चैत्री नवरात्र आहे ना, म्हणून..." मी म्हणालो, उत्तम केलंस, नवरात्र संपलं तरी असू दे तुझ्याकडे. परदेशात राहून पोरीने कुळाचार सोडला नाही. इंदिराबाई मात्र फोन ठेवल्यावर चष्मा पुसत बसल्या. म्हणाल्या, "भिंत आपल्याच घरातली वाटली हो, त्या खिडकीशेजारची." मी म्हणालो, तिथल्या सगळ्या भिंती पांढऱ्याच असतात.

२२ एप्रिल

विजेचं बिल! कुलूप लावलेल्या घरात चौपट वीज. पाणीसुद्धा वाढलंय. मी अडतीस वर्षं विद्युत मंडळात काढली, चोरी कशी होते हे मला कोणी शिकवायला नको. शेजाऱ्याने आमच्या मीटरवर आकडा टाकलेला आहे. ईशानीला सांगितलं, जाऊन मेन स्विच पाडून ये. बरं म्हणाली.

१९ मे

पुन्हा तेवढंच बिल. ईशानी म्हणते फ्रिज चालू राहिला असेल. महिनाभर? मला बनवते का ही? पण पोरीला नोकरी, घर, उर्वी. तिला तरी किती धावडवायचं. मी दुसरा उपाय केला. तिथे आपल्याकडच्यासारखाच मंजूर भार असतो, जेवढा भार जास्त तेवढा स्थिर आकार जास्त. कागद बघणाऱ्या माणसाला पत्र टाकून तो अगदी किमान करवून घेतला. आता चोरट्याने जरा जास्त वीज ओढली की खटका पडेल. अंधारात बसा म्हणावं! तात्याला टेकरीच्या पायऱ्यांवर हे सांगितलं तर तोही खूश. "एकदम सही काम केलंत भिया, घरबसल्या दरोडेखोर पकडला."

८ जून

उर्वीशी गप्पा झाल्या. म्हणते, "आजोबा, मम्मा ओव्हन लावते ना, की लाइट जाते. हीटरचं पाणी आणि ओव्हन एकत्र नाही करू शकत." मी ह्यांना म्हणालो, बघा, युरोप युरोप म्हणतात, तिथेही आपल्यासारखीच गत. ह्या हसल्या नाहीत. फोन काढून घेऊन आत गेल्या आणि दार लोटून ईशानीशी बोलत बसल्या. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, "काही सांगत नाही ती. सगळं ठीक आहे म्हणते." मग सगळं ठीकच असणार. आईचं काळीज, दुसरं काय.

२६ जून

आमचे कर भरणारे सीए मनन आज घरी आले. तिशीतला मुलगा, मराठी बोलता येतं पण मध्येच हिंदीत घसरतो. "काका, विदेशातली प्रॉपर्टी आणि बँक अकाउंट रिटर्नमध्ये दाखवावंच लागतं. भूल गए तो दस लाख पेनल्टी." हा आणखी एक वार्षिक खर्च, कारण ह्या जादा कागदांची त्यांची फी वेगळी. त्यांनीच तिथल्या बँकेचा उतारा वाचता वाचता बोट ठेवलं. "काका, ये कौन डाल रहा है?" मार्चपासून दर महिन्याला तीनशे युरो जमा. नाव ईशानीचं.

लेक माझ्या घराचा खर्च भरते आहे आणि मला पत्ता नाही! मननसमोर कान तापले माझे. लगेच फोन लावला.

"तुमच्यावर भार नको म्हणून टाकत होते, आबासाहेब. इतकं काय त्यात?"

"मी तुझ्या घरचं पाणी पीत नाही आणि तुझ्या पैशाने घर चालवू?"

"मग भाडं समजा," ती म्हणाली.

"कसलं भाडं? तू काय भाडेकरू आहेस?"

मी म्हणालो, उद्याच्या उद्या बाराशे युरो परत पाठवतो, आणि पुन्हा असं केलंस तर मला तुझं तोंड बघायचं नाही. फार बोललो. पण बोलायला हवंच होतं. बाप आहे मी, आश्रित नाही.

२७ जून

बँकेत जाऊन बाराशे पाठवले. युरो शंभरला टेकला आहे. मुदत ठेव मोडली.

२४ जुलै

सोसायटीचं पत्र. इमारतीची लिफ्ट जुनी झाली, नवी बसवायची. आमच्या वाट्याला चार हजार सहाशे युरो. दोन हप्ते, पहिला सप्टेंबरात. न भरल्यास घरावर बोजा चढेल. साडेचार लाखांच्या वर रुपये, ज्या लिफ्टमध्ये इंदिराबाई आता कधी पाऊल ठेवणार नाहीत.

त्यांच्या झडपेचं ऑपरेशन दिवाळीपर्यंत करावं लागेल असं डॉक्टर म्हणताहेत. दोन्ही होणार नाही. रात्रभर गणित मांडून बघितलं, दोन्ही होत नाही.

२७ जुलै

ठरवलं. घर विकायचं.

सकाळी ह्यांना सांगितलं. मला वाटलं होतं समजून घेतील, त्यांच्याच ऑपरेशनसाठी तर आहे. पण ह्या एकदम पेटल्या. "माझं ऑपरेशन नका करू, घर विकू नका." एवढा हट्ट त्यांनी बेचाळीस वर्षांत केला नव्हता. मी म्हणालो, तुम्ही तिथे जाणार नाही, मी तुम्हाला सोडून जाणार नाही, मग ते घर कुणासाठी? म्हणाल्या, "ईशानीला विचारा. तिला हवंय का विचारा एकदा. नीट विचारा."

विचारलं. व्हिडिओवर, समोरासमोर. म्हणालो, "बेटा, लिफ्टचे पैसे आले, आऊसाहेबांचं ऑपरेशन आहे. घर विकतो. तुझी काही हरकत?"

तिने उर्वीला दुसऱ्या खोलीत पाठवलं. मग म्हणाली, "लिफ्टचे मी भरले तर? हप्त्याने. नोकरी आहे मला."

"पुन्हा तेच?"

"नाही नाही, सहज विचारलं." ती हसली. "तुमचं घर आहे, आबासाहेब. तुम्ही म्हणाल तसं."

मी ह्यांच्याकडे बघितलं. झालं समाधान? ह्या उठून देवघरात गेल्या.

विक्रीसाठी मला जायची गरज नाही. घेतानाच ईशानीच्या नावे मुखत्यारपत्र केलं होतं, सगळ्या सह्या तीच करू शकते. तिला म्हणालो, धवलरावांना बरोबर घे, व्यवहाराच्या गोष्टी पुरुष माणसाने बघितलेल्या बऱ्या. "हो," म्हणाली.

१८ ऑगस्ट

दलालाने फोटो पाठवले. घर लख्ख दिसतं आहे. एकही वस्तू इकडची तिकडे नाही, जणू कोणी कधी राहिलंच नव्हतं. ओट्यावर पाण्याचा डागही नाही. ईशानीने दोन दिवस घासलं असणार. मी तिला लिहिलं, शाबास. उत्तरात अंगठा आला.

ह्यांनी फोटो बघितले नाहीत.

३० सप्टेंबर

काल विक्री झाली. जर्मन जोडपं आहे, निवृत्त. ईशानीने माझ्या वतीने सही केली आणि तिथूनच फोन केला. मागे कुठेतरी गाड्यांचा आवाज. "झालं, आबासाहेब. किल्ल्या दिल्या." मी विचारलं, धवलराव आहेत का? म्हणाली, त्यांना सुटी नव्हती. आवाज बसल्यासारखा होता. मी म्हणालो, दगदग झाली तुझी, घरी जाऊन आराम कर.

तिथले कर, दलाली, लिफ्टचा हप्ता वळता करून जे हातात आलं ते शेताच्या किमतीहून कमीच. पण आता दर वर्षाचा तगादा नाही. सोसायटी नाही, कचरा नाही, न जेवलेलं ताट नाही. हलकं वाटायला हवं होतं. वाटत नाही. सकाळी टेकरीवर अर्ध्या पायऱ्यांवरून परत आलो. तात्या म्हणाला, "भिया, सुटलात." मी हो म्हणालो.

१५ ऑक्टोबर

ह्यांचं ऑपरेशन सोमवारी झालं. झडप बसली. अजून अशक्त आहेत. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, "ईशानीचा फोन आला?" रोज येतो, पण आता फक्त आवाजाचा. व्हिडिओ लावत नाही. नेट नीट नाही म्हणते.

९ नोव्हेंबर

आज सगळं लिहूनच ठेवतो.

आज दुपारी ईशानीला फोन लावला. तिथली सकाळ, रविवार. उर्वीने उचलला आणि पोरीने व्हिडिओ चालू केला. मागे एक उभं कपाट, दोन सुटकेसा, दोरीवर कपडे, आणि एकच पलंग. मी म्हणालो, "उर्वी, कुठे आहेस ग? मम्मा कुठे?"

"मम्मा बाथरूममध्ये. आज आमचा नंबर नऊला होता, पण त्या आंटीने लेट केला."

"कसला नंबर? कोण आंटी?"

"बाथरूमचा. इथे तीन फॅमिली राहतात ना. किचनचा पण नंबर असतो." मग तिने फोन तोंडाजवळ आणला. "आजोबा, तुमच्या घरात नंबर नव्हता. तिथे मला माझा पलंग होता. तुम्ही आमचं घर का विकलं?"

आमचं घर, म्हणाली. मी विचारलं, बाबा कुठे आहेत? पोर म्हणाली, "पप्पा तर केव्हाच अलिकांते सिटीत राहायला गेले. मी क्लास टूमध्ये होते तेव्हाच."

तेवढ्यात ईशानी आली. ओले केस. फोन तिच्या हातात गेला, तिने माझा चेहरा बघितला आणि काही लपवायचं उरलं नाही हे तिला कळलं. फार शांतपणे सांगितलं तिने. धवलने फेब्रुवारीत घर सोडलं, दुसरी बाई आहे. भाड्याचं घर त्याच्या नावावर होतं, तेही सोडून दिलं. ही उर्वीला घेऊन आमच्या फ्लॅटवर गेली. सात महिने तिथे राहिली. अंधारात बसा म्हणालो होतो मी.

म्हणालो, इकडे ये. आजच्या आज ये.

"उर्वीला देशाबाहेर नेता येत नाही, आबासाहेब. कोर्टात चाललंय. तो सही देत नाही."

"अग मग मला सांगायचं! एक शब्द तरी बोलायचं!"

"दोनदा सांगणार होते." मग जरा थांबून म्हणाली, "तुम्ही माझ्याकडे कधी चहासुद्धा घेतला नाहीत. त्यात धारहून आल्यावर तुम्ही जे बोललात... नाही जमलं मला."

तेवढ्यात कोणीतरी दार वाजवलं. स्वयंपाकघराचा नंबर आला होता. तिला जावं लागलं.

इंदिराबाई दाराशी उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी. म्हणाल्या, "मला वाटतच होतं."

"वाटत होतं तर बोलल्या का नाहीत?"

"श्रियाकडे चहा न घेता उठलात, तेव्हा मी तिथेच होते," म्हणाल्या. छातीला हात लावून सावकाश आत गेल्या. टाके अजून ओले आहेत.

१० नोव्हेंबर

झोप नाही. बळवंतरावांना फोन केला आणि श्रियाची माफी मागितली. तिने ऐकून घेतलं, "ठीक आहे काका" म्हणाली आणि ठेवला. तिचं बरोबर आहे. माझ्या माफीचं ती काय करणार.

विक्रीचे पैसे बघितले. ऑपरेशन आणि घर घेताना केलेली उसनवारी फिटून जे उरलं त्यात तोरेविएखाला आता गाडी लावायची जागा येईल, घर नाही. मननला विचारलं, ते जर्मन लोक परत विकतील का? तो म्हणाला, "काका, कोई क्यों बेचेगा?"

चार हजार सहाशे युरो. हप्त्याने भरते म्हणाली होती ती. तिच्याच डोक्यावरचं छप्पर ती माझ्याकडे मागत होती आणि मी ताठ मानेने नाही म्हणत होतो. वर तिच्याच हाताने सही करवली.

१२ नोव्हेंबर

आज ईशानीला सांगितलं, मी येतो. एकटा येतो. आऊसाहेबांजवळ श्रिया राहायला तयार आहे, मी हात जोडून विचारलं तिला. वकिलाकडे तुझ्याबरोबर मी येईन, उर्वीला शाळेत मी सोडेन. तिकीट बघितलंय.



म्हणालो, "आणि ईशानी, मी तुझ्याकडेच उतरणार. तू जे देशील ते खाईन, तुझ्या घरचं पाणी पिईन. रीत गेली खड्ड्यात. तुझ्याच घरी राहीन मी, बेटा."

ती रडली नाही. मला वाटलं होतं रडेल.

"कुठे, आबासाहेब?" म्हणाली.